वासाचा निकाल

बदलीच्या नोकरीत माणसांबरोबर वस्तूंचीही बदली होते. एक गृहस्थ आवराआवर करून दुसऱ्या गावी निघतो आणि त्याची लोखंडी खाट, पुस्तकांचे कपाट, तुळशीची कुंडी असे काहीबाही मागे राहणारा सहकारी घेऊन ठेवतो. केंद्र सरकारच्या चाकरीत महाराष्ट्राबाहेर हिंडणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत अशा परक्या संसारांचे तुकडे पुष्कळ सापडतील. वस्तूची किंमत ठरते, हमालाची मजुरी ठरते. वस्तूबरोबर येणाऱ्या तिच्या पूर्वेतिहासाबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही.

आमच्या बिऱ्हाडात असाच एक गालिचा आला. आमचे बिऱ्हाड गढ्यात. एके काळी ही गोंड राजांची राजधानी होती. आज ती जबलपूर शहराचा एक भाग होऊन मदनमहालाच्या काळ्या खडकांच्या सावलीत राहते. जबलपूरचे आणि गालिच्यांचे नातेही जुने आहे. १८३७ च्या सुमारास विल्यम स्लीमन यांच्या पुढाकाराने येथे एक उद्योगशाळा निघाली आणि माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले तेथे तंबू शिवू लागली, गालिचे विणू लागली. आमच्या गालिच्याला एवढा रोमहर्षक वंश नव्हता. तो भदोहीकडचा, लोकरीचा, हाताने विणलेला आणि विटकरी रंगाचा होता. एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो घरी आला तेव्हा त्याला कसलाही वास नव्हता. जूनच्या अखेरीस पहिला पाऊस झाला आणि बैठकीची खोली उग्र वासाने भरून गेली.

त्याच सुमारास आई वर्ध्याहून आमच्याकडे राहायला आली होती. वय बहात्तर. खोकला आला किंवा उठायला उशीर झाला, तर तिला लघवीचा संयम राहत नसे. ही गोष्ट तिने आम्हांला सांगितली नव्हती. ती पहाटे स्वतःचे लुगडे स्वतः धुई, एवढ्यावरून सौ.ने ती ओळखली होती. वयाबरोबर आईचे घ्राणेंद्रियही मंद झाले होते. त्यामुळे तिला वास येत नव्हता. आलेल्या पाहुण्यांची आक्रसलेली नाके तेवढी दिसत होती. त्यातून तिने आपल्यापुरता अर्थ लावला. ती बैठकीत बसेनाशी झाली. तिच्या उशाशी रात्री भरून ठेवलेला तांब्या सकाळी तसाच भरलेला असे. तहान लागत नाही, म्हणे. म्हातारपणी पाणी कमी पिण्याने लघवी दाट होते, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो, आणि संयम तर त्याने काही सुधारत नाही. पण ज्याने आपल्यालाच घरातील दुर्गंधीचे कारण ठरवले आहे, त्याला हे कसे सांगावे? सांगायला तोंड उघडावे, तर तो विषय काढल्यासारखेच होते.

दरम्यान शेजारपाजारचे उपाय चालू होते. कोणी धूप सुचवला, कोणी कापूर, कोणी सुगंधी फवारा. आम्हां कारकुनांना ही पद्धत परिचयाची आहे. नको असलेल्या प्रकरणावर दुसऱ्या चार फायली ठेवल्या की ते दिसेनासे होते. पण त्याचा निकाल लागलेला नसतो. उदबत्ती विझली की वास आपला पुन्हा जागच्या जागी.

या वासाचे शास्त्र मी पुढे वाचले, आणि ते मोठे मनोरंजक निघाले. ताज्या मूत्राला तसा फारसा वास नसतो. त्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या, मूत्रात याखेरीज फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ते मोडू लागले की अत्यंत उग्र संयुगे बाहेर पडतात. वाळलेले क्षार उन्हाळ्यात तंतूंच्या मुळाशी मुकाट पडून राहतात. हवा दमट झाली की ते ओलावा ओढतात आणि दबलेला वास मोकळा होतो. आमच्या गालिच्याने पावसाळ्याची वाट का पाहिली, ते येथे उलगडले.

युरियाचे विघटन घडवणारे विकर म्हणजे युरिएज. आपल्या अबईच्या जातकुळीतील एका शेंगेच्या दाण्यांतून जेम्स समनर यांनी १९२६ साली ते स्फटिकरूपात वेगळे केले. स्फटिकरूपात हाती आलेले हे पहिलेच विकर. विकर हे प्रथिन असते, हे त्यातून सिद्ध झाले आणि समनर १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ज्या विकराने दुर्गंधी सुटते त्यानेच विकरांचे स्वरूप उघड केले, आणि आज दुर्गंधीवरचा उताराही विकरांतच सापडतो. विकरे कपडे धुण्याच्या कामी लावण्याची कल्पना जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ सालीच अमलात आणली होती. आज बाजारात मिळणाऱ्या या द्रावणांत विकरे असतात, आणि पुष्कळदा निरुपद्रवी जिवाणूही. ती डागातील सेंद्रिय द्रव्यांचे तुकडे करतात, आणि जिवाणू ते तुकडे खाऊन संपवतात. सुगंधाने वास झाकला जातो. येथे तो अक्षरशः पचवला जातो.

परंतु आधी डाग सापडायला हवा. मूत्राचे वाळलेले डाग साध्या प्रकाशात दिसत नाहीत. नोटा पारखण्याच्या अतिनील दिव्याखाली ते पिवळसर चमकतात. असा एक छोटा दिवा मी आणला. रात्री जेवणे झाल्यावर बैठकीतले दिवे मालवले. आई दाराशी येऊन उभी राहिली. मी तिला बोलावले नव्हते. गालिच्याच्या एका काठाला, भिंतीकडच्या बाजूस, ओळीने सहा-सात ठिपके उजळले. आईची खुर्ची असायची ती खिडकीजवळची बाजू मात्र पूर्ण काळी राहिली. बोके उभ्या वस्तूंवर मागून फवारा मारतात आणि त्याचे ओघळ खाली उतरतात. आधीच्या घरी त्या काठाशी एखादे कपाट असावे.

“त्यांच्याकडे बोका होता का रे?” आईने अंधारातच विचारले.

“होता,” सौ. म्हणाली. “चांगला गलेलठ्ठ.”

आई काही बोलली नाही. आपल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने तेथून तांब्यावरचे फुलपात्र उचलल्याचा आवाज आला.

पुढचे काम चिकाटीचे होते. दुकानदाराने दोन बाटल्या दाखवल्या. एकीवर बारीक अक्षरांत लिहिले होते की ती लोकर व रेशीम यांवर वापरू नये. याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. लोकर आणि रेशीम स्वतः प्रथिनेच आहेत. प्रथिने तोडणारे विकर डाग आणि गालिचा यांत भेद करीत नाही. लोकरीसाठी त्या विकराविना बनवलेली दुसरी बाटली होती. मी दोन्ही घेतल्या. आधी मागच्या कोपऱ्यावर रंग उतरत नाही ना, ते पाहिले. मग जुन्या फिनेलचा व साबणाचा अंश थंड पाण्याने काढला, कारण जंतुनाशक उरले तर हे कामकरी जिवाणूच मरतात. गरम पाणी वर्ज्य. पाण्यात मिसळलेले क्लोरीनचे विरंजकही वर्ज्य, कारण अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. द्रावण तंतूंच्या मुळापर्यंत, खालच्या सुती ताण्यापर्यंत मुरवले आणि ओल्या फडक्याखाली अहोरात्र ठेवले. ओल संपली की विकरांचे काम थांबते. नंतर गालिचा दोन खुर्च्यांच्या पाठींवर टाकून पंख्याखाली वाळवला. जबलपूरच्या श्रावणात त्याला चार दिवस लागले. दुसऱ्या खेपेनंतर पाहुण्यांची नाके सरळ झाली.

पहिली बाटलीही वाया गेली नाही. कापसाला त्या विकराची बाधा नाही. आईची गादी सुती आहे. सौ. दर पंधरवड्याने ती बाटली घेऊन आईच्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. आत दोघींचे बोलणे चालू असते. डॉक्टरांनी आईला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि ठरावीक वेळी उठण्याची सवय सांगितली आहे. हा विषय आता घरात औषधाच्या वेळांइतक्या साधेपणाने निघतो. ती बैठकीत पुन्हा खिडकीपाशी बसते.

माझ्या बदलीचे वारे वाहू लागले आहेत. गालिचा आणखी एका बिऱ्हाडी जाईल. घेणाऱ्याला मी त्याची सारी हकीगत सांगणार आहे, बोक्यासकट. आणि घरात वडीलधारे कोणी असेल तर ती त्यांच्या समोरच सांगेन.