वासुदेवाची पाठ

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी दर रविवारी दुपारी चार-पाच मुले जमतात. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे मित्र मिळून एक व्हिडिओगेम तयार करीत आहेत. पहाटेच्या गावातून एक वासुदेव घरोघर हिंडतो, एवढेच त्या खेळाबद्दल मला सुरुवातीला ठाऊक होते, आणि चहाचा ट्रे आत ठेवण्यापलीकडे त्या खोलीत माझे काही काम नव्हते. मी साताऱ्यात पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. साहित्यविचार आणि समीक्षा हे पेपर गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहेत. तरीही त्या खोलीत जे चालते त्याला समीक्षा म्हणतात, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले.

एके दिवशी मुलाने मला त्याचा वासुदेव दाखवला. पडद्याच्या मधोमध अंगठ्याच्या नखाएवढी एक आकृती होती. मी म्हटले, "छान झालाय." तो म्हणाला, "आई, तू बघितलाच नाहीस." मी म्हटले, "बघितला की! गोड आहे." त्यावर त्याने शांतपणे विचारले, "गोड कुठे आहे?"

हा प्रश्न मला पूर्वीही एकाने विचारला होता. त्याच्याकडे नंतर येते. आधी या चित्रांविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली असूनही पाहिलेली नाहीत.

पिक्सेल आर्ट म्हणजे चौकोन मोजून काढलेले चित्र. माझ्या आईने दुसुतीच्या कापडावर धागे मोजून पोपट भरले होते, तशी ही जात. मुलाचा वासुदेव सोळा चौकोन रुंद आणि बत्तीस चौकोन उंच होता. म्हणजे सारा मिळून पाचशे बारा चौकोनांचा प्रपंच, आणि त्यातलेही निम्मे रिकामे. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये अळंबी खाऊन मोठा होणारा मारिओ याच मापाचा होता. नव्वदच्या दशकात माझा भाऊ टीव्हीला पेटी जोडून, कॅसेट खुपसून तो खेळ खेळत असे, तेव्हा हे माप माझ्या डोळ्यांसमोरून हजारदा गेले असणार. त्या यंत्रावर अशा आकृतीला एका वेळी तीनच रंग मिळत. चौथा म्हणजे पारदर्शक, ज्यातून मागचे दृश्य दिसते. मारिओ प्रथम आला तो १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये. तिथे तर त्याला सोळा गुणिले सोळा एवढीच जागा होती. एवढ्याशा जागेत तोंड काढता येत नव्हते म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला मिशा दिल्या. उडी मारताना केस कसे हलतील हा प्रश्न टाळण्यासाठी टोपी दिली. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेला कामगाराचा पोशाख दिला. हे मियामोतोंनीच मुलाखतींतून सांगितले आहे. जगातला बहुधा सर्वांत ओळखीचा मिशाळ चेहरा अडचणीतून जन्माला आला. वृत्ताच्या सक्तीने एखाद्या कवीला नेमका शब्द सापडावा, तसे काहीसे.

मुलांनी वासुदेव का निवडला, तेही मग मला कळले. मोरपिसांचा उंच टोप, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या. हा माणूस नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतो. त्यांच्यात एक कसोटी आहे: काढलेली आकृती पूर्ण काळ्या रंगाने भरून टाकायची आणि शेजाऱ्याला विचारायचे, हा कोण? ओळखता आले नाही तर आतली कलाकुसर कितीही करा, व्यर्थ. दुसरी कसोटी अंतराची. चित्र काढताना ते आठपट-दहापट मोठे करून काढतात, मात्र मत देण्याआधी ते मूळ मापात आणून पाहिलेच पाहिजे. मोठे करून पाहिल्यावर जो चौकोन अक्षम्य वाटतो, तो मूळ मापात डोळ्यातली चमक ठरू शकतो. एकेक प्रतिमा सुटी करून तिच्यावर पानभर लिहिणारे आपण, ती कविता सलग एका दमात पुन्हा वाचून पाहतो का, असे त्या दिवशी मनात आलेच.

या मंडळींत एक मुलगी आहे, कॉमर्सची. सगळे तिला टरकून असतात. तिची वाक्ये मी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर उतरवून ठेवली आहेत. "डाव्या बाहीची कड बघ. पायऱ्या तीन, एक, दोन अशा पडल्यात, म्हणून ती मोडल्यासारखी दिसते. तीन, दोन, एक कर." "हा एकटा चौकोन इथे कोणाचाच नाही. काढ, नाहीतर त्याला सोबत दे." "अंगरख्याची सावली राखाडी घेतलीस, त्यामुळे कापड मळकं दिसतं. थोडा निळा घे." "टोप आणि आकाश एकाच उजेडाचे आहेत. पहाट आहे ना? मग टोप हरवणारच." एकदाही 'छान' नाही आणि एकदाही 'वाईट' नाही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता आणि तिथल्या तिथे चौकोन हलवीत होता. "तीन, दोन, एक" ऐकताना मला मात्रा मोजत बसलेली आमची बी.ए.ची पिढी आठवली. यतिभंग असा बोट ठेवून दाखवता येतो. 'आशयाची खोली कमी पडते' हे कुठे बोट ठेवून दाखवणार? मर्ढेकरांची संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुले ती दर वर्षी पाठ करतात. टोप आकाशात हरवतो म्हणजे विरोध कमी पडतो, हे उदाहरण अठरा वर्षांत मला सुचले नव्हते. (यंदा वापरले. मागच्या बाकांवरच्या दोघांनी मान वर केली.)

मग मला हौस आली. मुलाकडून ते साधन शिकून घेतले आणि चार संध्याकाळी बसून मी फक्त टोप काढला. मोरपिसे एकाखाली एक रचली, कडेला गडद हिरवा घेतला आणि मध्यभागाकडे उजळत नेले. माझ्या मते तो फार देखणा झाला होता. रविवारी मी तो थोडा लाजतच पुढे केला. मुले गप्प झाली. "काकू, प्रयत्न छान आहे," एक जण म्हणाला, आणि त्या एका वाक्याने माझे कान तापले. 'प्रयत्न छान आहे' या शेऱ्याचा अर्थ माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? तो मी शेकडो वह्यांवर लिहिला आहे. कॉमर्सच्या त्या मुलीने मात्र खुर्ची जवळ ओढली. "काकू, उजेड कुठून येतोय?" मी उत्तर देऊ शकले नाही. "सगळ्या कडा गडद आणि मध्य उजळ, म्हणजे उजेड कुठूनच येत नाही. म्हणून टोप उशीसारखा फुगलेला दिसतो." या दोषाला त्यांच्यात 'पिलो शेडिंग' असे नाव आहे आणि प्रत्येक नवशिक्याकडून तो घडतो, हे तिने नंतर, बहुधा माझा चेहरा पाहून, सांगितले. रात्री मी तो टोप पुन्हा उघडला. पूर्वेकडून उजेड घेतला, डावी बाजू गडद केली. चित्र सुधारले. राग मात्र दोन दिवस टिकला. वय वर्षे सेहेचाळीस.

इथवरची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, नेमकेपणा हाच समीक्षेचा प्राण. मलाही काही आठवडे तसेच वाटत होते. मग दिवाळीच्या सुट्टीत एक प्रसंग घडला.

या कलेत टीकेचा आणखी एक प्रकार आहे. सांगत बसण्यापेक्षा टीकाकार चित्राची प्रत करून घेतो आणि स्वतःच दुरुस्त करून दाखवतो. उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाच्या शेरावर इस्लाह करीत, त्याचीच ही आवृत्ती. आपल्याकडे 'सत्यकथे'च्या संपादकांनी लेखकांशी एकेका मसुद्यावर केलेल्या चर्चांच्या आठवणी सांगितल्या जातात. पण तिथे शेवटी लेखणी लेखकाच्या हातात असे, असे मी तरी ऐकत आले आहे. त्या मुलीने वासुदेवाची प्रत घरी नेली आणि चार दिवसांनी परत आणली. टोप आकाशातून सुटून दिसत होता, बाहीची कड वाहती झाली होती, अंगरख्यावर पहाटेची निळसर छटा होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगा काही बोलला नाही. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "चित्र चांगलं झालं. पण हा माझा वासुदेव नाही."

मी विचारले, "काय गेलं?" त्याला सांगता येईना. मग आम्ही दोघांनी जुनी आणि नवी आकृती शेजारी ठेवून एकेक ओळ मोजत पाहिली. खांद्यापासून वरचा भाग जुन्या चित्रात दोन चौकोन पुढे होता. डोके पायांच्या रेषेत नव्हते. नव्या चित्रात ते नीट पायांवर आणून ठेवले होते. काळ्या रंगाच्या कसोटीला नवी आकृती अधिक ठामपणे उतरत होती, यात शंका नाही.

"तो वाकलेला का होता?" मी विचारले.

मुलगा बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "आजोबांकडे यायचा तो."

माझ्या सासऱ्यांच्या गावी खरोखरच एक म्हातारा वासुदेव येत असे. पाठीतून वाकलेला. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना ओसरीवर उभा राहून तो म्हाताऱ्याला सुपातले दाणे देई. हे आपल्या ध्यानात आहे याचा त्यालाही पत्ता नव्हता. चौकोन भरताना हात आपोआप दोन घरे पुढे सरकला होता.

पुढच्या रविवारी मी त्या चर्चेत प्रथमच तोंड उघडले. मुलीने आधी जोरदार विरोध केला. "वाकवला तर चालताना तो पडतोय असं वाटेल." तिचे बरोबर होते. चालण्याच्या चार चित्रांत दर वेळी तोल जात होता. मग तिनेच विचारले, "म्हातारा आहे तर काठी का नाही?" मुलगा म्हणाला, "त्याच्याकडे काठी नव्हती. हातात चिपळ्या होत्या." असे पाऊण तास चालले. शेवटी पाठ दोन चौकोन पुढेच राहिली, मात्र मागचा पाय एक चौकोन मागे गेला आणि अंगरख्याचा घेर मागच्या बाजूला वाढला. टोप, बाही आणि निळी छटा तिची. बिचारा सावकाश चालतो, पण पडत नाही.

आता त्या विद्यार्थ्याकडे येते. चौदा वर्षांपूर्वी तृतीय वर्षातल्या एका मुलाने मला कवितांची वही दिली होती. दोनशे पानी, मागे शाळेचे वेळापत्रक छापलेली. मी ती तीन आठवडे ठेवून घेतली आणि परत करण्याच्या आदल्या रात्री चाळली. शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले: 'भावना उत्कट आहे. अभिव्यक्तीत अजून कस हवा. लिहीत राहा.' दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दाराशी आला. "मॅडम, कस कुठे हवा?" मी तासाला निघाले होते. "वाचन वाढव," असे काहीतरी म्हणून मी जिना उतरले. तो पुन्हा आला नाही. मी त्याला दुखावले असेन असे मला कित्येक वर्षे वाटलेच नाही; उलट आपण उत्तेजन दिले, अशीच माझी समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी तो एसटी स्टँडवर भेटला. पतपेढीत नोकरी, बरोबर लहान मुलगी. त्याने वाकून नमस्कार केला. मीच विचारले, "लिहितोस का रे?" तो हसला. "नाही मॅडम. ती ओळ मी पुष्कळ वेळा वाचली. कुठे ते कळलं असतं तर बसलो असतो त्याच्यावर." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गाडी लागली म्हणून तो गेला.

त्याच्या कविता चांगल्या होत्या की सुमार, हे मला आज सांगता येत नाही, कारण मी त्या वाचल्याच नव्हत्या. रागावून कोणी कविता टराटरा फाडली असती तर निदान फाडण्यासाठी ती हातात धरावी लागली असती.

सध्या माझ्या टेबलावर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची वही आहे. मी लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. पहिली कविता आधी सलग वाचली, मग ओळीओळीने, मग पुन्हा सलग. चौथ्या ओळीत 'जणू' होता. त्याखाली रेघ मारून समासात लिहिले, 'हा कशासाठी? तिसऱ्या ओळीत दिसलेच आहे.' एवढ्या एका पानाला चाळीस मिनिटे लागली. वहीत साठ पाने आहेत आणि माझ्याकडे आठवड्याला सोळा तास, शिवाय नॅकची कागदपत्रे. हा हिशेब कसा जमवायचा ते मला अजून उमगलेले नाही.

काल ती मुलगी आली. खोडरबर घेऊनच आली होती, पण 'जणू' खोडायला तयार नव्हती. तो गेला तर ओळ खरी होते आणि तिला ती खरी व्हायला नको आहे, असे तिचे म्हणणे. मी कविता तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, आधी 'जणू'सकट, मग त्याच्याविना. घंटा झाली तरी आमचे एकमत झाले नव्हते. सोमवारी ती पुन्हा येणार आहे.