वहीत नसलेला लाडू

आई गेल्यावर तिची पाककृतींची वही आमच्याकडे आली. चिरोटे, अनारसे, पाकातल्या पुऱ्या. अक्षरांवर तुपाचे डाग. शिळ्या पोळीचा लाडू मात्र तीत कुठेच नाही. आठवड्यातून दोनदा होणारा पदार्थ कोण लिहून ठेवणार? शिकरणही नाही.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघर पोहोचवले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु या लाडवापुढे वाटी हरते. पोळी किती वाळली, गूळ चिकीचा की भुसभुशीत, यावर तूप ठरते. कुस्करा मुठीत दाबून पाहायचा; वळला तर पुरे, फुटला तर आणखी अर्धा चमचा. (मिक्सरमधून काढलेल्या भुग्याचा लाडू आम्हांस लाडू वाटत नाही, हा आमचा हट्ट समजावा.)

मौखिक परंपरेविषयी वर्गात आम्ही पुष्कळ बोलतो. ओवी निदान ऐकून उतरवता येते. आईचे हे ज्ञान तिच्या तळहातात होते आणि त्याची संहिता नाही.

परगावी राहणाऱ्या मुलीने परवा फोनवर प्रमाण विचारले. “हाताला कळतं,” आम्ही म्हणालो.

“माझ्या हाताला कोण सांगणार?”

तिला दिवाळीत चार दिवस जास्त राहायला सांगितले आहे. आदल्या रात्री पोळ्या मुद्दाम उरवू.