यवतमाळच्या समुद्रात हरवताना

'कोस्टल ओरिएंटियरिंग रेस. स्थळ : यवतमाळ जिल्हा.' जुन्या ट्रेकिंग ग्रुपचा हा मेसेज वाचून माझी पुण्याची रूममेट खो खो हसली. "यवतमाळला समुद्र कधी आला गं?"

आला नाही, गेला! आणि त्याला शंभर कोटींहून जास्त वर्षं झालीत. वणी-मुकुटबन पट्ट्यातली चुनखडी त्या प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली. नंतर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा पसरला. त्याच लाव्हाचे बेसॉल्टचे खांब २०२१ मध्ये झरी जामणी तालुक्यातल्या शिबल्याजवळ रस्ता खणताना सापडले. म्हणून आयोजक मित्रांनी नाव दिलं 'कोस्टल'. पाणी नाही, पण तळ आहे!

ओरिएंटियरिंगचा फंडा सोपा आहे. हातात नकाशा आणि कंपास, मोबाइल पाकिटात सीलबंद. नकाशावरच्या गोलांच्या जागी नारिंगी-पांढरे झेंडे असतात, त्यांना 'कंट्रोल' म्हणायचं. ते क्रमाने गाठून कार्ड पंच करायचं. रस्ता मात्र ज्याचा त्याने शोधायचा. नॉर्वेमध्ये १८९७ मध्ये याची पहिली जाहीर स्पर्धा झाली. नकाशाचीही गंमत आहे. पांढरा रंग म्हणजे मोकळी जागा नव्हे, तर आरामात पळता येईल असं जंगल! मोकळं माळरान पिवळं, गच्च झाडी हिरवी. आमचा नकाशा मित्रांनीच महिनाभर पायपीट करून काढलेला. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर.

हा वाघांचा मुलूख. त्यामुळे रेस जंगलाच्या हद्दीबाहेर, भरदिवसा आणि जोडीनेच. माझा जोडीदार मावसभाऊ, वय एकोणीस, एनसीसी कॅडेट. नकाशा अर्थातच माझ्याकडे. मोठी बहीण मी, त्यात यवतमाळची. मला कोण हरवणार?

फेब्रुवारीची सकाळ. पळस पेटलेला, वावरात वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी. पहिले तीन कंट्रोल आम्ही झपाझप उरकले. चौथा होता नाल्याच्या दुभाजणीवर. पांदणीवरच्या विहिरीपासून डावीकडे वळलो, नाला लागला. कोरडाठाक. दुभाजणीही सापडली. झेंडा मात्र गायब.

"ताई, आपन चुकलो. मांगं चाल."

"झेंडा झुडपात असेल रे. आणि मला नको शिकवू, लहानपण इथेच गेलंय माझं."

मग मी पंधरा मिनिटं तो झेंडा शोधत राहिले. या खेळातली सगळ्यात बेक्कार चूक हीच. आपण चुकीच्या जागी असतो आणि समोरचं सगळं नकाशात कोंबून बसवतो. हा दगड म्हणजे तो काळा ठिपका, ही बाभळी म्हणजे ती हिरवी पट्टी. हवं ते दिसायला लागतं.

भावाने वाद घातला नाही. खाली बसून त्याने नाल्यातलं वाळलेलं गवत दाखवलं. पावसाळ्यातल्या पाण्याने ते एका दिशेला झोपवलेलं. मग कंपास धरला. हा नाला पूर्वेला वाहणारा, नकाशातला दक्षिणेला. शेजारचा, अगदी जुळ्या भावासारखा दुसरा नाला होता तो.

उपाय एकच : शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत जायचं. म्हणजे विहिरीपर्यंत, चारशे मीटर उलटं. मागे जाताना समोरून येणाऱ्या दोन जोड्या आम्हाला ओलांडून गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विसरणं कठीण आहे. पण विहिरीपाशी नकाशा उत्तरेला जुळवला आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर बसलं. झेंडा तिथून जेमतेम अडीचशे मीटरवर होता.

नऊ जोड्यांमध्ये आमचा नंबर सातवा.

संध्याकाळी चहा घेताना मला त्या पंधरा मिनिटांपेक्षा माझं ते वाक्यच जास्त टोचत होतं. 'लहानपण इथेच गेलंय.' गेलंय, हे खरं. पण मी दहा वर्षं पुण्यात आहे. या धुऱ्यांवरून रोज सायकल हाकणारा तो. माझं यवतमाळ म्हणजे आठवणीतला जुना नकाशा, आणि मी समोरची जमीन त्यात कोंबत होते. घरी आल्यावरही तेच करते. आईला सल्ले देते, भावाला 'तुला नाही कळत' म्हणते.

"सॉरी रे," मी म्हटलं.

तो चहात बिस्कीट बुडवत होता. "चालते ना ताई. फक्त पुढच्या वर्षी नकाशा माह्याकडं दे."

दिला! तुम्हालाही खेळायचं असेल तर या भागात जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. मे महिन्यात चुकूनही नको, इथलं ऊन कुणाची गय करत नाही. आणि सोबत असा जोडीदार घ्या, जो 'आपन चुकलो' म्हणायला घाबरत नाही.