डबा ठेवायचाय, पण जागा कुणाची?

त्रिचीच्या एनसीसी ग्रुपमध्ये बदली झाल्यापासून महिन्यातून दोन-तीनदा तंजावरला जाणं होतं. तिथल्या कॉलेजांमधले कॅडेट्स चलाख आहेत, पण नकाशावाचनाचा तास म्हटला की त्यांचे चेहरे उतरतात. खिशात फोन असताना प्रिझमॅटिक कंपास धरून बॅक बेअरिंग काढायला कुणाला आवडेल? शेवटी त्यांच्यातल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोराने सुचवलं, "सर, जिओकॅशिंग करू या." कंपासवर चालायचं, फोनवर पडताळायचं आणि पोचल्यावर हाताला खरोखरचं काहीतरी लागलं पाहिजे. मला कल्पना पटली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी एक डबा कुठेतरी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे जीपीएसच्या आधारे तो शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. आत छोट्या वस्तू असतील तर एक घ्यायची आणि तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एकदम नेमकं झालं. 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि खेळ सुरू झाला. गंमत म्हणजे तो पहिलाच डबा आजच्या नियमांत बसणार नाही. बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि आत खायच्या बीन्सचा डबा होता. आज खड्डा खणून पुरायचं नाही आणि आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हे अगदी प्राथमिक नियम आहेत. दोन डब्यांमध्ये निदान 161 मीटर अंतर हवं, हाही एक नियम आहे.

पोरांनी आठ दिवसांत पाच जागा काढून आणल्या. मोठ्या देवळाच्या तटाची एक फट, रेल्वे पुलाखालचा कोनाडा, हवाई दलाच्या तळाच्या कुंपणाबाहेरचं एक झाड, गावाबाहेरच्या एका शेतातलं मोटारघर आणि जुन्या पेठेतल्या एका घराचा ओटा. नकाशावर पाचही ग्रिड रेफरन्स अचूक होते. मी विचारलं, "यातली कुठली जागा कुणाची आहे?" वर्गात शांतता.

हवाई दलाच्या कुंपणाजवळच्या जागेवर मी लगेच लाल रेघ मारली. जिथे सुखोई विमानं उभी असतात, त्या भिंतीशी कुणी झुडपात वाकून काहीतरी शोधतोय हे दृश्य पहारेकऱ्याने खेळ म्हणून का बघावं? पुलाखालचा कोनाडाही गेला. त्यासाठी दोन उदाहरणं पुरली. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कुणी डबा ठेवताना दिसला, पोलिसांना फोन गेला, रस्ता बंद झाला आणि सैन्याच्या बॉम्बनाशक पथकाने तो उडवून दिला. आत जिओकॅशिंगचं सामान होतं. दुसरं उदाहरण पुण्याचं. 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत बेवारस बॅगेचा स्फोट झाला, तेव्हा या पोरांपैकी बरीचशी बालवाडीतही गेली नव्हती. आपल्याकडे प्रत्येक स्टेशनवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' असं दिवसरात्र बजावलं जातं. त्याच देशात आपण बेवारस वस्तू मुद्दाम ठेवायला निघालो आहोत, हे ध्यानात ठेवूनच हा खेळ खेळायचा. म्हणून डबा पारदर्शक, वर मोठ्या अक्षरांत तमिळ आणि इंग्रजीत मजकूर, युनिटचा फोन नंबर आणि जागांची यादी पोलीस ठाण्यात आधीच दिलेली. बाहेरचे खेळाडू म्हणतील, यात लपवाछपवीची मजा काय राहिली? राहिली नाही तर न राहो.

देवळाच्या बाबतीत मात्र वर्गात चांगला वाद झाला. "सर, फटीत ठेवला तर कुणालाच दिसणार नाही," हा मुद्दा. तिथे मी विचारलं, या देवळाचा मालक कोण? राजराजा चोळाने 1010 मध्ये पुरं केलेलं हे बृहदीश्वराचं देऊळ. तंजावर राजवाडा देवस्थानच्या 88 मंदिरांपैकी ते एक आहे आणि त्या देवस्थानचे वंशपरंपरागत विश्वस्त भोसले घराण्यातले आहेत. कारभारात राज्याचं धर्मादाय खातं आहे. वास्तूचं जतन पुरातत्त्व खात्याकडे आहे. 1987 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. अशा ठिकाणी परवानगी नेमकी कुणाकडे मागायची, एवढं शोधण्यातच कॅम्प संपला असता. आणि दगडातली एखादी फट रिकामी दिसली म्हणून ती वापरायला मोकळी होत नाही. एकाने डबा कोंबला की पुढचे वीस जण तो काढायला काडीने, चावीने तीच फट उकरणार.

याच देवळाची एक गोष्ट सर्व्हेइंगशी नातं सांगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. 33 व्या फूट रेजिमेंटचा विल्यम लॅम्बटन, म्हणजे आपल्याच पेशाचा माणूस, याने एप्रिल 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला आधाररेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. तंजावरचा मुलूख सपाट, डोंगर नाहीत, ताडामाडांमुळे दूरचं दिसत नाही. त्यामुळे मोजणीसाठी देवळांची उंच शिखरंच वापरावी लागली. 1808 मध्ये त्याने आपला सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट मोठ्या देवळावर चढवायला घेतला. यंत्र भिंतीपासून दूर राहावं म्हणून एक दोर बाजूने ताणून धरलेला होता. तो तुटला आणि यंत्र भिंतीवर जाऊन आदळलं. त्याचं वर्तुळच वाकलं. लॅम्बटनने त्रिचीला सहा आठवडे बसून ते स्वतःच्या हाताने पूर्ववत केलं. इतिहासाची पुस्तकं हा त्याच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगतात आणि चिकाटी होतीच. पण मला ती गोष्ट सांगताना नेहमी वाटतं, यंत्राचं काय झालं हे इतकं तपशिलात नोंदलं गेलं, भिंतीचं काय झालं ते कुणी विचारलं? (हा लॅम्बटन पुढे 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. वर्धा बाजूचे कुणी वाचत असतील तर त्याची कबर तिथे आहे.)

मग देऊळ सोडलं का? नाही. डबा न ठेवताही जागा खेळात घेता येते. तिथे फक्त एक प्रश्न ठेवायचा आणि त्याच्या उत्तरातून पुढच्या जागेचे आकडे मिळवायचे. आम्ही प्रश्न ठेवला: आवारातल्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला लांबलचक लेख कुठल्या घराण्याचा इतिहास सांगतो आणि तो कुठल्या वर्षीचा? सरफोजी राजे दुसरे यांनी 1803 मध्ये तो मराठीत कोरवला. तमिळ पोरं देवनागरीच्या त्या ओळींसमोर फोन धरून उभी आहेत आणि एक मराठी माणूस त्यांना 'भोसले' ही अक्षरं बोट न लावता, हवेतूनच दाखवतोय, हा माझ्या नोकरीतला एक फार सुखाचा तास होता. पर्यटकांना त्रास नाही, दगडाला धक्का नाही, आणि कुणी भाविक आला की बाजूला सरकायचं.

इथे कुणी माजी सैनिक म्हणेल, आपण कधी कुणाच्या शेतात शिरताना विचारलंय का? विचारलंय, साहेब. निदान कायद्याने तरी. 1938 चा मॅनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट आजही लागू आहे. सरावासाठी लोकांच्या जमिनीतून जायचं तर राज्य सरकारची अधिसूचना लागते, गावात आगाऊ जाहीर करावं लागतं आणि पिकाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. एवढं करूनही देवळं, स्मशानं, राहती घरं, प्राचीन स्मारकं त्यातून वगळलेली आहेत. खडकवासल्याला असताना सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांमधून रात्री नेव्हिगेशन करताना 'बांधावरून चाला, पिकातून नाही' हे उस्ताद ओरडून सांगायचे, त्यामागे हा कायदा आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. देशाच्या रक्षणासाठी सराव करणाऱ्या पलटणीला जर एवढी बंधनं, तर रविवारी डबे शोधणाऱ्यांना सूट कुठून मिळणार?

आता शेताचं. मोटारघराची जागा पोरांनी उपग्रहाच्या चित्रावरून हेरली होती. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. सांबा भाताची कापणी सुरू झालेली, काही वावरं मोकळी. मी त्या कॅडेटला दुभाषा म्हणून घेतलं, गणवेश मुद्दाम घातला नाही आणि शेतकऱ्याच्या घरी गेलो. गणवेशातल्या माणसाला कुणी 'नाही' म्हणत नाही, आणि ज्या परवानगीत 'नाही' म्हणायची सोय नसते तिला मी परवानगी धरत नाही. अय्या साठीच्या पुढचे. त्यांनी ऐकून घेतलं, ताक दिलं आणि मग विचारू लागले. किती जण येणार? रात्री येणार का? बैल किंवा कुत्रा बिथरला, कुणाला साप चावला, तर कोण बघणार? डबा हरवला तर पोलीस माझ्याकडे येतील का? इतके नेमके प्रश्न मला ऑपरेशन ऑर्डरच्या ब्रीफिंगमध्येही क्वचित ऐकायला मिळालेत.

कॅडेट म्हणाला, "अय्या, कापणी झालेल्या रिकाम्या वावरातूनच येऊ." म्हातारा हसला आणि आम्हाला त्या 'रिकाम्या' वावराच्या कडेला घेऊन गेला. धसकटांच्या मधून बोटभर हिरवे कोंब वर आले होते. उळुंदु, म्हणजे उडीद. कावेरीच्या खोऱ्यात भात उभं असतानाच, कापणीच्या आठवडा-दहा दिवस आधी, ओल्या चिखलात उडीद फेकून पेरतात. भात निघालं की त्याच ओलीवर तो वाढतो. वरून पाहणाऱ्याला जमीन मोकळी वाटते आणि तिथे दुसरं पीक चालू असतं. उपग्रहाच्या चित्रात ते दिसत नाही, आमच्या टोपोशीटवर तर नाहीच. पंचवीस पोरं बूट घालून तिथून गेली असती तर त्या कुटुंबाचं वर्षाच्या डाळीचं आणि चार पैशांचं नुकसान झालं असतं, आणि आम्हाला ते कळलंही नसतं.

अय्यांनी परवानगी दिली, पण स्वतःच्या अटींवर. उडीद निघाल्यावर या. मेट्टूरचं पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटतं, त्याच्या आत डबा उचला. बांधावरून यायचं नाही, कारण उंदरांच्या बिळांनी तो पोकळ झालाय. गाडीवाटेने यायचं. डबा मोटारघराच्या आत नाही, बाहेरच्या खांबाला, कारण आत विजेचं सामान आहे. हे सगळं त्या कॅडेटने वहीत लिहून त्यांना वाचून दाखवलं. आमचा सराव जानेवारीतून मेमध्ये गेला, उन्हामुळे पहाटे पाचला सुरू करावा लागला, पोरांनी कुरकुर केली. चालायचंच.

उरला पेठेतला ओटा. खालच्या मजल्यावरचा दुकानदार "ठेवा की" म्हणून मोकळा झाला होता, पण तो भाडेकरू. घरमालक वर राहतात आणि निघाले तंजावरचे मराठी. माझी नावपट्टी वाचून ते सरळ मराठीतच बोलू लागले. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर झुलणारी, मध्येच मला न कळणारा शब्द येणारी, पण मराठीच. घरात त्यांच्यानंतर ती बोलणारं कुणी नाही असं म्हणाले. त्यांची अट एकच होती: सकाळी दारात सून कोलम काढते, ती पुसली जाईल अशा बेताने कुणी यायचं नाही. म्हणून डब्यावर 'सकाळी दहानंतर' असं लिहिलं.

या खेळात आणखी एक नियम आहे, जो आपल्यासारख्या बदलीवाल्या माणसांना जास्त लागू पडतो: ज्याने डबा ठेवला त्याने तो सांभाळायचा. सहलीला जाऊन डबा ठेवून घरी परतणाऱ्यांना जाणते खेळाडू नावं ठेवतात, आणि बरोबरच आहे. ईशान्य मान्सूनमध्ये इथे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस झोडपतो. डब्यात पाणी शिरतं, वही कुजते, मुंग्या घर करतात आणि डब्याचा कचरा होतो. माझी बदली आज ना उद्या येणारच. म्हणून युनिटच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक डब्यासाठी एक पान केलं: जागा, मालक, परवानगी कुठपर्यंत, शेवटचं कधी पाहिलं, कुणी पाहिलं. चार्ज देताना स्टोअरच्या लेजरबरोबर हेही सोपवायचं. सुभेदार मेजर साहेबांनी आधी डोळे वटारले, मग स्वतःच त्यात 'डबा सर्व्हिसेबल / अनसर्व्हिसेबल' असा रकाना वाढवला.

शेतातला डबा 9 जूनला उचलला. खांबाला बांधलेली दोरीही सोडून आणायची, असं मी बजावलं होतं, ती आणली. ओट्यावरचा अजून आहे. दुकानदार सांगत होता, मालक रोज संध्याकाळी खाली उतरून वही उघडतात आणि आज कोण आलं होतं ते वाचतात. पहिली वही भरत आली आहे. दुसरी त्यांनीच पेठेतून आणून ठेवली आहे.