काटा हलेपर्यंत

गाडीचा सेल मारायला मला दीड वर्ष थांबावं लागलं. १९९४ साली माण तालुक्यातून मुंबईत आलो आणि गावाकडच्या ओळखीनं मुलुंडच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो. टाटा १२१०, बरीच वर्षं चाललेली, बोनेटवर लिंबू-मिरची आणि आत पत्र्याला टेकवलेला खंडोबाचा फोटो. काच पुसायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, टॉमीनं टायर ठोकून बघायचे, ताडपत्री आवळायची, घाटात गाडी थांबली की पळत जाऊन चाकामागं दगड लावायचा, ही माझी कामं. चावीला मात्र हात नाही. गाडीचे ड्रायव्हर, म्हणजे माझे उस्ताद, म्हणायचे, "आधी ऐकायला शीक. मग सेल मार."

पहाटे चार-साडेचारला ते डीपस्टिक काढून ऑइल बघायचे, अगरबत्ती लावायचे आणि सेल मारायचे. इंजिन एकदा-दोनदा गचकून उचललं की ते एक गोष्ट करत, जी मी नंतर कुठल्याच ड्रायव्हरला करताना पाहिली नाही. दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसायचे. सुरुवातीला मला वाटलं, थंडी वाजत असेल. पुढं कधीतरी विचारलं तर म्हणाले, "पाय खाली असला की रेसवर जातो. माझाच पाय आहे, पण त्याच्यावर भरवसा नाही."

मांडी घालून ते ऐकत बसत. थंड इंजिनाचा आवाज कोरडा असतो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. मागून पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबणारा. हळूहळू खडखड कमी होते, आवाज एकसारखा लागतो, धूर विरळ होतो. उस्ताद तोवर दोन काट्यांकडं बघत असत, एक ऑइलचा आणि एक ब्रेकच्या हवेचा. हवा भरली की पाय खाली.

यामागचं कारण मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. डिझेलच्या इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत जे इंजिन चालवून दाखवलं, त्याची सगळी करामत हवा दाबण्यात आहे. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सिलिंडरच्या भिंती गार असल्या तर ही उष्णता भिंतीच खाऊन टाकतात. डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, थंडीनं घट्ट झालेलं असतं. ते पंपानं उचलून बेअरिंगपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. पिस्टन अल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचा. दोघं सारखे फुगत नाहीत, म्हणून गार असताना त्यांच्यामध्ये जागा जास्त राहते आणि पिस्टन आत हेलकावतो. ती खडखड बरीचशी त्याचीच. हे सगळं जागेवर येईपर्यंत इंजिनाला राबवू नये, एवढंच उस्तादांचं म्हणणं होतं.

मुंबईत थंडी ती काय, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२ सालच्या जानेवारीतलं. मुलुंड चेकनाक्यावर पंजाबचे ड्रायव्हर भेटायचे, ते लडाखकडच्या गोष्टी सांगत. तिकडं टाकीतलं डिझेलच गोठतं आणि टाकीखाली आगटी पेटवून ते पातळ करावं लागतं. २०१९ साली इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, तेव्हा मला त्या आगट्या आठवल्या. आमच्या इंजिनाला तसला धोका नव्हता. म्हणूनच मी गाफील राहिलो.

२००३ च्या सुमाराला मी स्वतः ड्रायव्हर झालो होतो. हाताखाली कमिन्स इंजिनची १६१३ होती, टर्बोवाली. मुंबईत गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. सकाळची वेळ चुकली की गाडी नाक्याबाहेर लावून ताटकळत बसायचं आणि माल उतरवणारे माथाडी तिकडं खोळंबायचे. मग पहाटेची पाच मिनिटं मला डोळ्यांत खुपायला लागली. सेल मारला की लगेच रेस द्यायचो. इंजिन जोरात फिरलं की हवा चटकन भरते, ब्रेक सुटतात, गाडी निघते. वर्षभर मी हेच केलं. गाडीनं तक्रार केली नाही.

डिसेंबरात निफाडला कांदा भरून मुक्काम केला. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. पहाटे काचेवर दव साचलं होतं, बोटं वळत नव्हती. वाशीच्या मार्केटला वेळेत पोचायचं म्हणून सेल मारला आणि तशीच रेस दाबून धरली. हवा भरली, निघालो. नाशिक सोडेपर्यंत ठीक होतं. घोटीच्या पुढं चढ लागला तशी गाडी ओढेना. आवाजात एक बारीक शीळ मिसळली होती, ती मी ऐकली आणि ऐकूनही पुढं चाललो. हे आजही मला बोचतं, कारण दीड वर्ष मला ऐकायलाच शिकवलं होतं. इगतपुरीच्या अलीकडं क्लीनरनं मागं बघून हाक मारली, "दादा, धूर बघा." निळा धूर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. घाट तोंडावर होता. गाडी बाजूला घेतली.

इगतपुरीचा मिस्त्री तासाभरानं आला. त्यानं टर्बोचा पाइप सोडला, आत दोन बोटं घातली आणि पंख्याचा दांडा वरखाली हलवून दाखवला. तो हलायला नको होता. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल पोचायच्या आत रेस दिली की तेवढे क्षण तो कोरडा घासतो. मी म्हणालो, "आज सकाळी फार थंडी होती, त्यानं झालं असेल." मिस्त्रीनं मान हलवली. "हे आजचं काम नाही. रोज सकाळी थोडं थोडं खाल्लंय तुम्ही."

कांदा दुसऱ्या गाडीत पलटी केला. शेठनी माझ्या पगारातला एक रुपया कापला नाही. कापला असता तर मला हलकं वाटलं असतं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पहाटे सेल मारायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची. तेव्हा गाडी मुलुंड पूर्वेला हायवेच्या सर्व्हिस रोडवर लावत असे. मिठागराकडून वारा यायचा. एका बाजूला बैठ्या खोल्यांची रांग होती. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेलेले आणि खोल्या खाली राहिलेल्या, इतक्या की खिडकी माझ्या सायलेन्सरच्या समोर येत होती. मी तिकडं कधी बघितलंच नव्हतं.

एका पहाटे शाल पांघरलेली मावशी बाहेर आली आणि केबिनखाली उभी राहिली. भांडायला आली असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुझी गाडी तापते तोवर माझी नात कोंडते. येऊन बघ." मी खाली उतरलो. खोलीत डिझेलचा वास भरलेला होता. सहा-सात वर्षांची पोरगी अंथरुणात उठून बसलेली, कारण आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी बाहेर पळालो आणि इंजिन बंद केलं. त्या पहाटे एवढंच सुचलं.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. पेपरात ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढं ती खिडकी आली. आणि नाकाही आला. १ जुलै २०१७ ला जकात बंद होईपर्यंत मुलुंड नाक्यावर आम्ही रात्र रात्र रांगेत घालवली. गाडी चार हात पुढं सरकायची आणि थांबायची. पुन्हा सेल कोण मारणार, म्हणून कितीतरी जण इंजिन बंदच करत नसत. त्या धुरात पोरं चहाच्या किटल्या घेऊन फिरायची. त्या पोरांच्या छातीचा विचार आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही, माझ्याही नाही.

मावशीच्या खोलीतून आलो त्याच दिवशी मी भांडुपच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. इंजिन जपायचं तर गाडी तापवावी लागणार, आणि गाडी तापवली तर ती पोरगी कोंडणार, या पेचात मी सापडलो होतो. मिस्त्रीनं माझ्या गाडीची डीपस्टिक काढून नाकाला लावली आणि मग माझ्या नाकापुढं धरली. ऑइलला डिझेलचा वास येत होता. "तुला कोणी सांगितलं उभी गाडी तापते?" तो म्हणाला. डिझेल इंजिन नुसतं चालू असताना अगदी थोडं डिझेल जाळतं आणि हवा मात्र पोटभर ओढतं. तेवढ्या आगीनं एवढं लोखंड तापायला फार वेळ लागतो. तोवर न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. म्हणजे वीस मिनिटं मी इंजिन जपत होतो असं मला वाटत होतं आणि त्याचं ऑइल पातळ करत होतो. त्यानं सांगितलं, "हवा भरेपर्यंत थांब. मग निघ. पण पाण्याचा काटा हलेपर्यंत दाबू नको. गाडी चालता चालता तापू दे."

मला उस्ताद आठवले. ते तरी कुठं वीस मिनिटं बसत होते? हवा भरली की त्यांचे पाय खाली येत. त्यातलं थांबणं तेवढं माझ्या लक्षात राहिलं, निघणं मी विसरून गेलो होतो.

मी स्वतः ताडून पाहिलं. उभ्या गाडीत वीस मिनिटांनीही पाण्याचा काटा तळाशीच चिकटलेला होता. तीच गाडी हलक्या पायानं मुलुंडहून कोपरीच्या पुलावरून, तीन हात नाक्यावरून काढली तर माजिवड्यापर्यंत काटा जागेवर आला. त्या दिवसापासून गाडीचं तोंड फिरवून लावायला लागलो, पाइप मिठागराच्या बाजूला. रात्री डीपस्टिक, पाणी, टायर बघून ठेवायचे, म्हणजे पहाटे सेल मारल्यावर निघायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मावशीनं पुढं कधी हाक मारली नाही. येता-जाता मी मात्र विचारायचो, "पोरगी कशी आहे?" ती "बरी आहे" म्हणायची. पावसाळ्यात कधी म्हणायची, "आज नाही बरं."

आता शेठकडं बीएस-सहाची दहाचाकी आहे. एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या त्याच आल्या. तिच्यात युरियाची वेगळी टाकी आणि धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर. गाडी उगाच चालू ठेवली की तो फिल्टर तुंबतो आणि समोर दिवा लागतो. धूर जवळजवळ दिसतच नाही. पाइपमागं उभं राहूनही डोळे झोंबत नाहीत. मला या गाडीचं मनापासून कौतुक आहे. ही वीस वर्षं आधी आली असती तर, असं त्या खिडकीसमोरून जाताना दर वेळी वाटतं. त्या खोल्या अजून आहेत, आता पत्र्यांवर निळं प्लास्टिक टाकलेलं आहे. मावशी नाही.

माझे गुडघे दुखतात, म्हणून शेठनी सोबत बावीस वर्षांचा एक पोरगा दिलाय. जत तालुक्यातला, हाताचा चांगला, पण घाईचा. गेल्या जानेवारीत एका पहाटे मी त्याला म्हटलं, "आज तू सेल मार." त्यानं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात उचललं. हवा कमी असल्याचा बझर कोकलायला लागला, तसा त्याचा उजवा पाय रेसकडं गेला.

"पाय वर घे," मी म्हणालो.

"काय?"

"वर घे दोन्ही. मांडी घाल."

तो हसला, पण त्यानं घातली. दोघं गप्प बसलो. नवीन इंजिनातही ती खडखड असते, बारीक, कान दिला तर कळते. बाहेर कुत्रं भुंकत होतं. साधारण दोन मिनिटांनी आवाज एकसारखा लागला आणि बझर थांबला. त्यानं पाय खाली सोडले, ब्रेक सोडला, फुस्स करून हवा सुटली. दुसऱ्या गिअरवर, न दाबता, गाडी त्या खिडक्यांसमोरून सरकली. कोपरीच्या पुलाचा चढ त्यानं तसाच हळू काढला. मागून हॉर्न वाजले तरी पाय जड केला नाही. तीन हात नाका गेला, नितीन कंपनी गेली. माजिवड्याच्या अलीकडं काटा वर आला.

"आता दाब," मी म्हणालो.