डिझेलच्या गावची थंडी आणि ऊब

दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात आउग्सबुर्ग हे प्राचीन नगर वसले आहे. येथील कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी 1893 ते 1897 या काळात आपले इंजिन सिद्धीस नेले. नगरातील विटेल्सबाख उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ 1957 साली एका जपानी इंजिन-कारखानदाराने अर्पण केलेली शिळांची बाग आहे. जानेवारीत त्या शिळा बर्फाखाली झाकून जातात आणि रस्त्याकडेच्या मोटारींच्या काचांवर हिमाचा कठीण थर बसतो.

उष्ण प्रदेशातून आलेल्या प्रवाशास येथे एक कोडे पडते. डिझेलची मोटार सुरू होऊन बराच वेळ लोटला तरी तिचे इंजिन कोमटच असते, आणि तरीही आत बसलेल्यांना काही क्षणांतच ऊब मिळू लागते. ही ऊब येते कोठून?

वाचकहो, मोटारीतील ऊब ही एरवी इंजिनाची उरलीसुरली उष्णता होय. इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी एका लहानशा जाळीतून नेतात व पंख्याने तिच्यावरून वारा आत सोडतात. डिझेल इंजिन मात्र मोठे काटकसरी. 1897 च्या चाचणीतच त्याने इंधनातील सुमारे 26 टक्के उष्णतेचे काम करून दाखविले. शिवाय ते मंद चालत असतानाही थंड हवा भरपूर ओढून घेते. म्हणून उभ्या गाडीत ते फारच सावकाश तापते. काटकसरी गृहिणीच्या घरी शिळेपाके फारसे उरत नाही. आल्यागेल्यासाठी चूल मुद्दाम पेटवावी लागते. तसेच हे आहे.

अशा चुली दोन प्रकारच्या. पहिली विजेची. हवेच्या मार्गात चिनी मातीसारख्या एका खास पदार्थाच्या पट्ट्या बसवितात. वीज मिळताच त्या तापतात, आणि फार तापल्या की त्यांचा विरोध वाढून वीज आपोआप कमी होते. दुसरी चूल खऱ्या ज्योतीची. ती टाकीतील थोडे डिझेल जाळून इंजिनाचे पाणी तापविते. पाच किलोवॅटची अशी चूल पूर्ण जोरात चालली तर तासाला सुमारे 0.6 लिटर इंधन घेते. इंजिन बंद असतानाही ती चालत असल्यामुळे मालक घराबाहेर पडण्यापूर्वीच काचेवरील हिम वितळू लागते.

ही केवळ चैन नव्हे. जानेवारीत येथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो. त्या अंधुक वेळी मुले शाळेकडे निघालेली असतात. गोठलेल्या काचेला बोटभर भोक पाडून त्यातून पाहणाऱ्या चालकास ती दिसावीत कशी? म्हणून सर्व काचा साफ कराव्यात, मगच निघावे आणि सुरुवातीस गाडी हळू हाकावी. चालत्या गाडीचे इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते; उगाच इंजिन चालू ठेवून उभे राहण्यास जर्मनीच्या वाहतूक नियमांत बंदीही आहे.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन किंवा ज्योतीची चूल चालवू नये. बर्फात अडकल्यास धूर बाहेर टाकणारी नळी आधी मोकळी करावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. मुद्दाम पेटविलेल्या चुलीवर लक्षही मुद्दामच ठेवावे लागते.