गोठण्याविषयी

मराठीला बर्फाचा शेजार फारसा नाही. तरीही द्रवाने घट्ट होण्यासाठी तिच्याकडे क्रियापदांची वाण नाही. पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते. नाशिकच्या थंडीत पांढरी पडलेली खोबरेल तेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवणे, हा आमच्या बालपणातला पदार्थविज्ञानाचा पहिला पाठ. पारा चोविसाच्या खाली उतरला की ते तेल थिजू लागे.

पुढे आम्ही बहीणभाऊ दोघेही मराठीचे अध्यापक झालो आणि ‘गोठणे’ आमच्याकडे वाङ्मयातून परत आले. गोठलेल्या संवेदना, गोठलेले अश्रू. आतली ऊब संपली की माणूस गोठतो, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात निःशंकपणे सांगत आलो.

वडील गेले ते जानेवारीत. आई रडली नाही. आल्यागेल्यांनी ‘गोठल्यात बिचाऱ्या’ असा निर्वाळा दिला आणि आम्हीही तो मानला. खरे सांगायचे तर त्या कोरड्या डोळ्यांचा आम्हाला रागच आला होता. तेरा दिवस ती पहाटे उठून बंब पेटवीत होती. कोणाला साखर चालत नाही, कोणाला भाकरीच लागते, हे सारे तिच्या ध्यानात होते. आम्ही त्याला यांत्रिकपणा म्हटले.

परवा घरातल्या मुलीचे दहावीचे विज्ञान चाळताना ‘अप्रकट उष्मा’ समोर आला. शून्य अंशाला पोहोचलेले पाणी गोठू लागले की सगळ्याचा बर्फ होईपर्यंत तापमापीतला पारा हलत नाही. मात्र त्या अवधीत प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ८० कॅलरी उष्णता भोवतालाला देत असते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६१ च्या सुमारास हे ओळखले. उत्तर इटलीतील दक्षिण टिरोलचे सफरचंद-बागायतदार वसंतातल्या कडाक्याच्या रात्री मोहरावर पाण्याचे तुषार सोडतात. कळीभोवती बर्फाचे कवच चढते आणि गोठणारे पाणी जी उष्णता टाकते, तिच्यावर आतली कळी तगून राहते. तुषार मात्र रात्रभर अखंड चालू ठेवावे लागतात.

गोठताना पाणी उष्णता देते, हे आमच्या रूपकात कुठेच नव्हते. आम्ही तेव्हा फक्त पारा वाचत होतो, आणि तो हलत नव्हता.

इतक्या वर्षांनी आम्ही आईला त्या दिवसांविषयी विचारले. ती निवडीत असलेली मेथी खाली न ठेवता म्हणाली, ‘‘तेव्हाचं काही आठवत नाही रे. घरात चौदा माणसं होती आणि गोधड्या नऊच, एवढं लक्षात आहे.’’

तू काय पांघरलेस, हे आम्हाला विचारवले नाही.